सर आर्थर कॉनन डॉईल : कल्पित तपास आणि खरा न्याय

कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या देवघेव विभागात सर्वांत आधी खिळखिळी होणारी पुस्तके रहस्यकथांची असतात, हे ग्रंथपालांना पुरते ठाऊक असते. चरित्रे आणि निबंधसंग्रह वर्षानुवर्षे कोऱ्या कापडासारखे घडी न मोडता राहतात. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड मात्र दोन पावसाळ्यांतच पुनर्बांधणीसाठी पाठवावा लागतो. या साऱ्या गुप्तहेरांच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून वाचक शेरलॉक होम्सचे नाव घेतात. वास्तविक तो मान अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याच्या १८४१ मधील द्युपँ या पात्राकडे जातो; परंतु कुळाला कीर्ती मिळवून दिली ती होम्सने, याविषयी दुमत नाही. या होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉईल यांचे चरित्र मोठे विलक्षण आहे. ज्या मनुष्याने गुन्हेशोधनाविषयी साऱ्या जगाच्या मनात अनेक रम्य गैरसमज रुजवले, त्याच्यावरच पुढे दोन निरपराध माणसांना खराखुरा न्याय मिळवून देण्यासाठी झगडण्याची वेळ आली. आणि त्या वेळी हाताशी होम्सची जादू नव्हती.

गैरसमजांची सुरुवात होम्सच्या रूपापासूनच होते. कानझाकणी टोपी, वाकडा पाईप आणि वॉटसनला उद्देशून म्हटलेले ते प्रसिद्ध वाक्य, की ही बाब अगदीच प्राथमिक आहे, एवढ्या तीन खुणांवर कोणीही होम्सला ओळखतो. यांपैकी टोपी ही सिडने पॅजेट या चित्रकाराची देणगी होय. १८९१ मध्ये बॉस्कम खोऱ्यातील खुनाच्या कथेसाठी त्याने होम्सला ती घातली. कथेत उल्लेख आहे तो डोक्याला घट्ट बसणाऱ्या साध्या कापडी टोपीचा. शिवाय ती खेड्यात आणि प्रवासात वापरावयाची टोपी असल्याने होम्ससारखा शिष्टाचार जाणणारा गृहस्थ ती लंडनच्या रस्त्यांवर कधीच घालणार नाही. वाकडा पाईप १८९९ मध्ये विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने रंगभूमीवर आणला. आणि ते सुप्रसिद्ध वाक्य तर डॉईल यांच्या चार कादंबऱ्या व छप्पन्न कथा यांत त्या स्वरूपात कुठेही नाही. त्याचे दोन तुकडे मात्र निरनिराळ्या जागी सापडतात. वॉटसनला मंदबुद्धीचा केले ते १९३९ पासूनच्या चित्रपटांनी. मूळचा वॉटसन हा सैन्यातील अनुभवी डॉक्टर असून तो आपल्याला अगदी अपरिचितही नाही, कारण पहिल्याच कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात तो मुंबई बंदरात उतरतो आणि तेथून अफगाण युद्धावर जातो. मैवंदच्या लढाईत त्याला गोळी लागते ती खांद्याला. दुसऱ्या कादंबरीत मात्र तो पायाच्या जखमेने हैराण असतो. लेखकाने आपलेच आधीचे पुस्तक चाळण्याची तसदी घेतली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. बेकर स्ट्रीटवरील २२१ बी हा पत्ताही काल्पनिक. त्या काळी त्या रस्त्यावरील घरांचे क्रमांक तेथवर पोचतच नव्हते. पुढे क्रमांक बदलले आणि १९३० नंतर तो आकडा एका गृहकर्ज संस्थेच्या इमारतीच्या वाट्याला आला, तेव्हा होम्सच्या नावाने येणाऱ्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी त्या संस्थेला अनेक वर्षे एक चिटणीस नेमावा लागला.

डॉईल हे इंग्रज होते, हाही असाच एक समज. २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे, मूळच्या आयरिश कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील चार्ल्स डॉईल सरकारी कार्यालयात नोकरीला होते. हातात चित्रकला होती, पण दारूने त्या हाताला कंप सुटला आणि अखेरची वर्षे त्यांना मनोरुग्णालयांत काढावी लागली. घर सावरले ते आई मेरी यांनी. कथा सांगण्याची हातोटी मुलाला तिच्याकडूनच मिळाली. वडिलांची एक आठवण मात्र वाङ्मयाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. १८८८ मध्ये मुलाची पहिली कादंबरी स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा तिच्यासाठी त्यांनी चित्रे काढून पाठवली, आणि त्या चित्रांतला होम्स चक्क दाढीवाला आहे.

जेझुइट पाद्र्यांच्या स्टोनीहर्स्ट शाळेतील शिक्षण संपवून आर्थर १८७६ मध्ये एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासासाठी दाखल झाला. तेथेच त्याला डॉ. जोसेफ बेल भेटले. बाह्यरुग्ण विभागात रुग्णांची नोंद करण्याचे काम बेल यांनी या विद्यार्थ्याकडे सोपवले होते. रुग्ण आत आला, की त्याने तोंड उघडण्यापूर्वीच बेल त्याची हकीकत सांगू लागत. एकदा साध्या वेषातला एक मनुष्य आला. तो सैन्यातून नुकताच निवृत्त झालेला, हुद्द्याने कनिष्ठ अधिकारी आणि बार्बाडोस बेटावर नोकरी केलेला आहे, असे बेल यांनी सांगितले व ते तंतोतंत खरे निघाले. त्याने आदर दाखवला पण टोपी काढली नाही, ही लष्करातील सवय. निवृत्तीला बरेच दिवस झाले असते तर ती सुटली असती. चेहऱ्यावर अधिकाराची छटा होती. आणि त्याला झालेला हत्तीरोग हा ब्रिटनमधला नसून वेस्ट इंडीजमधला. विद्यार्थी थक्क झाले. होम्सचा पिंड येथे घडला, हे डॉईल यांनी स्वतः मान्य केले आहे.

दुसरा धागा सर रॉबर्ट ख्रिस्टिसन यांचा. एडिंबरोचे हे विषशास्त्रज्ञ १८२९ च्या सुमारास, बर्क आणि हेअर यांच्या कुप्रसिद्ध खून खटल्याच्या निमित्ताने, मृत्यूनंतर शरीरावर वळ उठतात की नाही हे पाहण्यासाठी प्रेतांवर प्रहार करून पाहत असत. पहिल्या कादंबरीत प्रेतांना काठीने बडवणाऱ्या होम्सचा उल्लेख वाचून ज्यांना तो लेखकाचा विक्षिप्तपणा वाटतो, त्यांना ही वस्तुस्थिती माहीत नसते. स्वतः डॉईल यांनीही विद्यार्थिदशेत जेल्सेमियम या विषारी वनस्पतीचा अर्क वाढत्या मात्रेने पोटात घेऊन परिणाम नोंदवले आणि १८७९ मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. वीस वर्षांच्या पोराचे हे धाडस आज कोणतेही महाविद्यालय खपवून घेणार नाही.

१८८० मध्ये देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या जहाजावर डॉक्टर म्हणून आर्क्टिकची सफर, नंतर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवास, आणि १८८२ पासून पोर्टस्मथजवळ साउथसी येथे दवाखाना, असा पुढील क्रम. १८८५ मध्ये एम.डी. ही पदवी मिळाली, त्याच वर्षी लुईझा हॉकिन्स यांच्याशी विवाह झाला. दवाखान्यात रुग्ण कमी आणि वेळ पुष्कळ. त्या वेळात लिहिलेली पहिली होम्स-कादंबरी १८८७ मध्ये एका नाताळ अंकात आली. तिचे सर्व हक्क लेखकाने अवघ्या २५ पौंडांना विकले होते. जुलै १८९१ पासून स्ट्रँड मासिकात कथा सुरू झाल्या आणि दैव पालटले. त्याच वर्षी डॉईल नेत्ररोगांच्या अभ्यासासाठी व्हिएन्नाला जाऊन आले होते व लंडनमध्ये त्यांनी नेत्रतज्ज्ञ म्हणून पाटीही लावली होती. ती लवकरच उतरवून ते पूर्णवेळ लेखक झाले. नेत्रविद्येचा हा अपुरा राहिलेला अभ्यास सोळा वर्षांनी एका माणसाच्या कामी यावयाचा होता.

होम्सच्या शास्त्राची परीक्षा करू गेल्यास खरे आणि खोटे यांची मोठी मौजेची सरमिसळ आढळते. पहिल्या कादंबरीत होम्स केवळ रक्तानेच साकळणारे रसायन शोधून काढतो. त्या काळी रक्ताचा डाग ओळखण्याच्या काही कसोट्या उपलब्ध होत्या, परंतु तो माणसाचा की जनावराचा हे निश्चित सांगणारी पाउल उलेनहूट यांची कसोटी १९०१ मध्ये आली. रक्तगटांचा लँडस्टायनर यांचा शोधही त्याच सुमाराचा. म्हणजे या बाबतीत लेखकाने गरज अचूक ओळखली होती. उत्तर मात्र कल्पनेतले होते. टंकलेखन यंत्राच्या प्रत्येक अक्षराची झीज वेगळी असते व त्यावरून यंत्र ओळखता येते, ही १८९१ मधील कथेतील कल्पना मात्र पुढे खऱ्या प्रयोगशाळांनी स्वीकारली. धूळ, माती, पावलांचे ठसे यांना होम्सने दिलेले महत्त्वही योग्यच होते. ग्रात्सचे दंडाधिकारी हान्स ग्रोस यांचा तपासशास्त्रावरील ग्रंथ १८९३ मध्ये आला, आणि १९१० मध्ये फ्रान्समधील लियों येथे दोन लहानशा खोल्यांत पोलीस प्रयोगशाळा उघडणारे एडमाँ लोकार हे तर होम्सच्या कथा आवर्जून वाचावयास सांगत.

आता दुसरी बाजू. तंबाखूच्या १४० प्रकारांची राख होम्स नुसत्या नजरेने ओळखतो. ही विद्या कथेबाहेर कोणालाही साधलेली नाही. दुसऱ्या एका कथेत तो हस्ताक्षरावरून लिहिणाऱ्यांचे वय, प्रकृती आणि त्यांचे परस्परांशी असलेले रक्ताचे नातेही सांगतो. हा सर्वांत घातक गैरसमज होता, हे पुढे दिसेल. त्याच्या तर्कपद्धतीचेही तसेच. होम्स तिला निगमन म्हणतो, पण आपल्या नैयायिकांपुढे तो उभा राहिला असता तर त्याची पंचाईत झाली असती. धुरावरून अग्नीचे अनुमान करावयाचे तर जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती आधी सिद्ध असावी लागते. उन्हाने रापलेला, हात दुखावलेला, लष्करी ढंगाचा प्रत्येक डॉक्टर अफगाणिस्तानातूनच आलेला असतो काय? होम्सचे अनुमान खरे ठरते, कारण कथाकार त्याच्या बाजूचा असतो.

आपल्या देशाच्या बाबतीत तर कथाकाराने कमालच केली आहे. ठिपकेदार पट्ट्याच्या सुप्रसिद्ध कथेत भारतातून आणलेला साप शिटी ऐकून परत येतो, बशीतले दूध पितो, घंटेच्या दोरावरून चढतो-उतरतो, लोखंडी तिजोरीत बंद राहून जगतो आणि दहा सेकंदांत माणसाचा प्राण घेतो. त्या नावाचा साप भारतात नाही. साप दूध पितो हा समज नागपंचमीमुळे आपल्याकडेही घरोघर आहे, त्यामुळे मराठी वाचकाला तेथे काही खटकत नाही. पण दूध हे सापाचे अन्न नव्हे. सापाला जमिनीतील कंपने आणि हवेतील खालच्या पट्टीचे आवाज जाणवतात. शिटीचा उंच स्वर त्याच्या आवाक्याबाहेरचा. त्याच कथेतील भारतीय बबून माकड आपल्या कोणत्याही अरण्यात सापडावयाचे नाही, कारण बबून आफ्रिका व अरबस्तान येथे राहतो. दुसऱ्या कादंबरीत अब्दुल्ला खान या नावाचा शीख शिपाई आहे, आणि अंदमानच्या आदिवासींना नरभक्षक ठरवले आहे. या शेवटच्या गोष्टीला गमतीदार चूक म्हणून सोडून देणे कठीण आहे. एका दुबळ्या जमातीविषयीची ती खोटी समजूत इंग्रजी वाचकांच्या पिढ्यांनी त्या कादंबरीतून उचलली.

बोटांच्या ठशांची कथा याहून वेगळी. ही विद्या स्कॉटलंड यार्डने जगाला दिली असे समजतात. प्रत्यक्षात अंगुलिमुद्रांचे पहिले कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघाले, वर्गीकरणाची पद्धत सर एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जात असली तरी तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांची बुद्धी होती, आणि स्कॉटलंड यार्डचे कार्यालय १९०१ मध्ये सुरू झाले. जलपैगुडीच्या चहामळ्यातील खुनात पंचांगावर उमटलेला अंगठ्याचा ठसा १८९८ मध्येच न्यायालयापुढे आला. त्यावरून आरोपीला शिक्षा झाली ती चोरीची, खुनाची नव्हे. ब्रिटनमध्ये ठशावरून खुनाची शिक्षा झाली १९०५ मध्ये. या विषयावर डॉईल यांनी १९०३ मध्ये जी कथा लिहिली, तिच्यात ठसाच बनावट निघतो. पोलीस ज्या पुराव्यावर भाळले होते त्याविषयी लेखकाने शंका घेतली, ही त्यांच्या विचारशक्तीची साक्ष होय.

तथापि डॉईल यांना स्वतःला होम्सचा कंटाळा आला होता. ऐतिहासिक कादंबऱ्या हेच आपले खरे कार्य, असे त्यांना वाटे. डिसेंबर १८९३ मध्ये त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधील धबधब्यात लोटून दिले. लंडनकरांनी दंडाला काळ्या फिती बांधून सुतक पाळले, ही दंतकथा त्यानंतरची. त्या वेळच्या वृत्तपत्रांत तिला आधार मिळत नाही. योगायोग असा, की त्याच डिसेंबरात खरे होम्स, म्हणजे डॉ. जोसेफ बेल, एडिंबरोच्या न्यायालयात साक्ष देत होते. आर्डलामाँट येथे वीस वर्षांच्या एका तरुणाचा बंदुकीच्या गोळीने मृत्यू झाला होता. तो अपघात नसून खून असल्याचे बेल यांचे ठाम मत होते. ज्यूरीने मात्र आरोप सिद्ध झाला नाही, असा निर्णय देऊन आरोपीला सोडले. कथेत होम्सचे भाष्य संपले की गुन्हेगार मान खाली घालतो. न्यायालयात त्यानंतर उलटतपासणी असते.

होम्स पुढे परतला. १९०१ मध्ये बास्करव्हिल्सच्या कुत्र्याची कादंबरी सुरू झाली, १९०३ मध्ये तो मेलाच नव्हता असे जाहीर झाले. दरम्यान बोअर युद्धात डॉईल यांनी ब्लोमफाँटेनच्या इस्पितळात काम केले व १९०२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. जुलै १९०६ मध्ये दीर्घकाळ क्षयाने आजारी असलेल्या लुईझाबाई वारल्या आणि डॉईल खिन्न मनःस्थितीत घरी बसून होते. अशा वेळी त्यांच्या हाती जॉर्ज एडलजी याच्या खटल्याची कात्रणे पडली.

जॉर्जचे वडील शापूरजी एडलजी हे मुंबईचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि १८७६ पासून ते इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात ग्रेट वर्ली या कोळशाच्या खाणींच्या गावी धर्मोपदेशक होते. पत्नी इंग्रज. काळ्या वर्णाचा मनुष्य व्यासपीठावरून उपदेश करतो, हे गावातील काहींना सहन होत नव्हते. निनावी पत्रांचा वर्षाव सुरू झाला. १८९२ मध्ये दुसऱ्या गावातील शाळेची किल्ली त्यांच्या दारात टाकलेली सापडली. परगण्याच्या पोलीसप्रमुखाने चौकशीआधीच ठरवून टाकले, की हा उद्योग घरातल्याच मोठ्या मुलाचा आहे. मुलगा अबोल आणि अभ्यासू होता. तो बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर झाला, रेल्वे प्रवाशांच्या हक्कांविषयी त्याने १९०१ मध्ये पुस्तकही लिहिले. १९०३ मध्ये त्या भागात रात्रीच्या वेळी गुरे व घोडी यांची पोटे फाडण्याचे भीषण प्रकार सुरू झाले. १८ ऑगस्टच्या सकाळी खाणीजवळच्या कुरणात एक तट्टू रक्ताच्या थारोळ्यात आढळले आणि त्याच दिवशी जॉर्जला अटक झाली.

पुरावा काय होता? ओलसर कोट, चिखलाचे बूट, बाहीवर दोन लहान डाग आणि कोटावर घोड्याचे २९ केस. सकाळी घरच्या मंडळींनी कोटावर केस नसल्याचे पोलिसांना परोपरीने सांगितले होते. रात्री पोलिसांच्या डॉक्टरांना ते मिळाले. मधल्या वेळात त्या तट्टाच्या कातड्याचा तुकडा कापून तो कपड्यांबरोबरच नेण्यात आला होता, याकडे डॉईल यांनी लक्ष वेधले. आज प्रयोगशाळेतील पहिल्या दिवसाचा उमेदवारही दोन वस्तू एकत्र बांधावयाच्या नाहीत हे जाणतो. त्या काळी ही जाणीव नव्हती. पोलिसांचा दावाही स्थिर नव्हता. संध्याकाळी जॉर्ज चांभाराकडे गेला होता व त्याला पाहणारे साक्षीदार होते, म्हणून गुन्ह्याची वेळ मध्यरात्रीनंतरची ठरवण्यात आली. पण रात्री तो वडिलांच्याच खोलीत निजत असे आणि वडील दाराला आतून कुलूप लावत. या सर्वांवर शिक्कामोर्तब केले ते हस्ताक्षरतज्ज्ञ टॉमस गरिन यांनी. निनावी पत्रे जॉर्जच्याच हातची असल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले. याच तज्ज्ञाने १८९६ मध्ये अडॉल्फ बेक नावाच्या निरपराध माणसाविरुद्ध अशीच साक्ष दिली होती, हे १९०४ मध्ये उघडकीस आले. पण तोवर जॉर्जला ऑक्टोबर १९०३ मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी होऊन गेली होती. तो कोठडीत असतानाही आणखी एक घोडे फाडले गेले, तरी कोणाला शंका आली नाही. फ्रान्समध्ये ड्रेफ्यूस यांच्याविरुद्ध बेर्तियाँ यांनी १८९४ मध्ये हस्ताक्षराच्या बाबतीत हेच केले होते. डॉईल यांनी दोन खटल्यांची तुलना उघडपणे केली. आपल्याच कथेतील हस्ताक्षरविद्येची आठवण त्या वेळी त्यांना झाली असेल काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

दहा हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. ऑक्टोबर १९०६ मध्ये जॉर्जला एकाएकी सोडण्यात आले. ना निर्दोष ठरवून, ना कारण देऊन. वकिलीची सनद गेलीच होती. जानेवारी १९०७ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात डॉईल त्याला भेटावयास गेले. त्यांना यायला उशीर झाला होता आणि जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ आणि थोडा तिरपा धरलेला होता. नेत्ररोगांचा अभ्यास केलेल्या माणसाला तेवढे पुरले. तज्ज्ञाकडून तपासणी झाली, तेव्हा आठ डायॉप्टरचा लघुदृष्टिदोष निघाला. असा मनुष्य पावसाळी काळोख्या रात्री कुंपणे, रूळ आणि चर ओलांडून, पहारेकऱ्यांना चुकवून कुरणात जातो, जनावर गाठतो आणि त्याच वाटेने परततो, हे अशक्यच. डॉईल स्वतः ती वाट चालून आले. येथे राखेचे १४० प्रकार लागले नाहीत, कोणी वेषांतर केले नाही. जे सहा महिन्यांच्या वैद्यकीय शिक्षणाने दिसावे ते न्यायालयात कोणी पाहिलेच नव्हते, एवढेच.

डेली टेलिग्राफमधील त्यांच्या लेखांनी देश हलला. सरकारला तिघांची समिती नेमावी लागली. तिच्यातील एक सदस्य त्या पोलीसप्रमुखाचा नातलग होता. मे १९०७ मध्ये निकाल आला : जनावरे फाडल्याच्या आरोपातून मुक्तता, परंतु पत्रे त्यानेच लिहिली असावीत आणि म्हणून हे संकट त्याने स्वतःवर ओढवून घेतले, सबब नुकसानभरपाई नाही. डॉईल संतापले. इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय त्याच वर्षीच्या कायद्याने स्थापन झाले, त्यामागे बेक आणि एडलजी या दोन खटल्यांची लाज होती. जॉर्जला सनद परत मिळाली, आणि सप्टेंबरात डॉईल यांनी जीन लेकी यांच्याशी दुसरा विवाह केला तेव्हा निमंत्रितांत तो होता.

येथवरच थांबले असते तर डॉईल यांची प्रतिमा निष्कलंक राहिली असती. परंतु खरा गुन्हेगार शोधल्यावाचून होम्सची कथा पुरी होत नाही. त्यांनी त्याच भागातील एका तरुणावर बोट ठेवले. आणि त्याच्याविरुद्धचा त्यांचा पुरावा जॉर्जविरुद्धच्या पुराव्याहून फारसा भक्कम नव्हता. सरकारने तो मानला नाही, हे बरेच झाले.

दुसरे प्रकरण ग्लासगोचे. डिसेंबर १९०८ मध्ये तेथे एका श्रीमंत वृद्धेचा खून झाला व दागिन्याचे एक पदक नाहीसे झाले. ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू इसमाने पदक गहाण टाकल्याचे कळले. ते पदक वेगळे होते आणि खुनाच्या कितीतरी आधी गहाण पडले होते. तरीही तपासाचा काटा त्याच्यावरून हलला नाही. फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली. डॉईल यांनी १९१२ मध्ये पुस्तिका लिहिली, तिचा उपयोग झाला नाही. शंका बोलून दाखवणाऱ्या ट्रेंच नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला १९१४ मध्ये बडतर्फ करण्यात आले. १९२५ मध्ये सुटलेल्या एका कैद्याने तोंडातील कवळीखाली चिठ्ठी दडवून स्लेटरचा निरोप डॉईल यांना पोचवला, आणि त्यांनी पुन्हा कंबर कसली. १९२७ मध्ये सुटका, १९२८ मध्ये शिक्षा रद्द, ६,००० पौंड भरपाई. यानंतर खटल्याचा खर्च कोणी भरावयाचा यावरून उपकारकर्ता आणि उपकृत यांच्यात कडाक्याचे भांडण झाले. कथेत असे कधी होत नाही.

अखेरची वर्षे परलोकविद्येच्या प्रचारात गेली. १९१८ मध्ये मुलगा किंग्जली आणि १९१९ मध्ये धाकटा भाऊ इनेस न्यूमोनियाने गेले, हे खरे. पण पुत्रशोकाने डॉईल या मार्गाकडे वळले हा समज चुकीचा आहे, कारण साउथसीच्या दिवसांपासून त्यांना या विषयाची ओढ होती. १९२० मध्ये कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी मानून प्रसिद्ध केली. कोडॅक कंपनीने त्यांच्या सत्यतेचे प्रमाणपत्र देण्यास नकार दिला होता. पऱ्या कागदाच्या होत्या आणि टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, ही कबुली त्या दोघींनी वृद्धापकाळी, १९८३ मध्ये दिली. मनोरुग्णालयातील वडीलही पऱ्यांचीच चित्रे काढत असत, हे आठवले म्हणजे या भोळेपणाला हसवत नाही.

७ जुलै १९३० रोजी क्रोबरो येथील राहत्या घरी डॉईल यांचे निधन झाले. आठवड्याने लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये हजारो लोक जमले. व्यासपीठावर त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती आणि ते तीत येऊन बसल्याचे एका माध्यम स्त्रीने जाहीर केले. १९३४ मध्ये एका मजुराने ग्रेट वर्ली प्रकरणातील काही निनावी पत्रे आपण लिहिल्याचे न्यायालयात कबूल केले. जॉर्ज एडलजी तेव्हा वकिली करत होता. १९५३ मध्ये तो वारला. त्याच्या तीन वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल सरकारने अखेरपर्यंत एक पौंडही दिला नाही.